ऐकीव माहितीचे मालक

गिटार शिकणाऱ्या मुलांना संगीत वाचता येत नाही, आणि येत नाही याची त्यांना खंतही नसते. व्हायोलिनवाला मान मोडून पाच रेघांचं नोटेशन शिकतो. पेटीवाला निदान वहीत सा-रे-ग-म उतरवून घेतो. गिटारवाला नेटवर जातो आणि 'टॅब' काढतो.

आमच्या सोसायटीत बारावीतला असा एक मुलगा आहे. त्याच्या वडिलांनी त्याच्या लॅपटॉपवर एकदा टॅब उघडी पाहिली आणि मला जिन्यात गाठलं. "अहो, हा शेअर-बिअर खेळायला लागलाय का? नुसत्या आडव्या रेघा, मधे मधे आकडे. आणि समोर बसून मान हलवतोय."

वर्णन अगदी बरोबर होतं. टॅबमध्ये सहा तारांच्या सहा आडव्या रेघा असतात. सगळ्यात वरची रेघ सगळ्यात बारीक तारेची, म्हणजे गिटार मांडीवर घेतल्यावर जी सगळ्यात खाली येते तिची. सुरुवातच उलटी. रेघ म्हणजे कीबोर्डवरचं वजाबाकीचं चिन्ह, ओळ भरेपर्यंत बडवलेलं. रेघेवर ३ आला की त्या तारेवर तिसऱ्या पडद्यात बोट. ० म्हणजे तार मोकळी. एक्स म्हणजे तार दाबून नुसतं 'ठक्'. एच म्हणजे बोट आपटा, पी म्हणजे ओढून काढा, बी म्हणजे तार वाकवा. बोट कुठे ठेवायचं याचा सगळा तपशील आहे. कधी ठेवायचं आणि किती वेळ ठेवायचं, याबद्दल बहुतेक टॅब मौन पाळतात. त्यामुळे ज्याने गाणं पन्नासदा ऐकलंय त्यालाच टॅबचा उपयोग. ज्याने ऐकलेलं नाही त्याला त्यातून काहीही ऐकू येत नाही. त्यात कुणी फॉन्ट बदलला तर आणखी मजा. एम रुंद आणि आय अरुंद असा एखादा सभ्य फॉन्ट आला की वरखालच्या आकड्यांची फारकत होते, बोटं भलत्याच ठोक्यावर पडतात आणि मुलगा सांगतो की हे जॅझ आहे.

या असल्या मजकुरावर आपली मालकी आहे, असं अमेरिकेतले संगीत प्रकाशक चौदा वर्षं वकिलांमार्फत सांगत होते.

प्रकरण सुरू झालं ते १९९२ मध्ये, लास व्हेगासच्या नेवाडा विद्यापीठात. जेम्स बेंडर नावाच्या गृहस्थाने विद्यापीठाच्या संगणकावर 'ऑन-लाइन गिटार आर्काइव्ह' उघडलं. लोक लाडाने त्याला 'ओल्गा' म्हणत. लास व्हेगाससारख्या शहरात बेकायदा म्हणून बोट ठेवायला हेच सापडावं, ही शहराला मिळालेली पावतीच म्हणायची.

ओल्गात जमा व्हायचं ते सगळं जगभरच्या पोरांनी घरी बसून केलेलं काम. एक कॅसेट प्लेअर, एक स्वस्तातली गिटार. सोलोचा चार सेकंदांचा तुकडा ऐकायचा, थांबवायचं, तारेवर शोधायचा, सापडला नाही की कॅसेट मागे. पुन्हा ऐकायचं. रिवाइंडचं बटण आधी ढिलं पडायचं, मग टेप गुंडाळली जायची, मग पेन्सिल घालून ती सोडवायची. घरातल्या बाकीच्यांना तो चार सेकंदांचा तुकडा झोपेतही ऐकू यायला लागायचा. आणि हे सगळं झालं की वजाबाकीची चिन्हं बडवत ते टाइप करायचं आणि फुकट वाटून टाकायचं. वर स्वतःचं नाव, आणि खाली 'चुका आढळल्यास कळवा'. लोक कळवायचेही. भाषा मात्र घरात वाचून दाखवण्याजोगी नसायची.

पुढे फायलींच्या माथ्यावर एक वैधानिक इशारा येऊ लागला. त्याचा आशय असा: ही फाइल लिहिणाऱ्याची स्वतःची निर्मिती असून तो त्याने गाण्याचा लावलेला अर्थ आहे, हिचा उपयोग फक्त खासगी अभ्यास, विद्याव्यासंग आणि संशोधन यांसाठीच करावा. म्हणजे गॅरेजमध्ये अँप्लिफायर फाटेपर्यंत वाजवणारा प्रत्येक पोरगा कागदोपत्री संशोधक झाला. तीन कॉर्डच्या गाण्यांवर एवढं संशोधन मानवजातीने याआधी केलं नव्हतं.

प्रकाशकांना हा विद्याव्यासंग मानवला नाही. १९९६ मध्ये ईएमआयच्या प्रकाशन विभागाचं पत्र विद्यापीठाला आलं. विद्यापीठं विद्यार्थ्यांच्या आंदोलनांना भीत नाहीत, वकिलाच्या पाकिटाला भितात. ओल्गाला जागा खाली करावी लागली. पण तोवर तिच्या नकला इतर संगणकांवर नांदू लागल्या होत्या. १९९८ मध्ये हॅरी फॉक्स एजन्सी पुढे आली. ही संस्था १९२७ पासून अमेरिकेतल्या प्रकाशकांच्या वतीने गाण्यांचे परवाने देते आणि पैसे गोळा करते, त्यामुळे पत्रलेखनाचा तिला चांगलाच सराव. ओल्गा बंद झाली, उघडली, पुन्हा आजारी पडली. २००६ मध्ये प्रकाशकांच्या दोन राष्ट्रीय संघटनांनी मिळून धडाक्याने नोटिसा धाडल्या आणि ती कायमची मिटली.

त्याच्या थोडं आधी, डिसेंबर २००५ मध्ये, यातल्या एका संघटनेचे अध्यक्ष लॉरेन कायझर यांनी बीबीसीला सांगितलं होतं की नुसत्या दंडाने भागणार नाही, अशा साइट चालवणाऱ्यांना तुरुंगवास झाला तर बरा परिणाम होईल. हे वाचल्यापासून मला त्या कोठडीचं फार कुतूहल आहे.

"काय रे, कशात आलास?"

"खून. तू?"

"दुसऱ्या तारेवर तिसरा पडदा."

"आणि?"

"आणि तोही चुकीचा होता. पाचवा हवा होता."

हे अतिशयोक्त वाटेल, पण फुकट टॅबचा स्थायीभाव चूक हाच आहे. एका गाण्याच्या दहा टॅब असतात. पहिलीच्या नावापुढे '१०० टक्के अचूक' असं लिहिलेलं. दुसरीपुढे 'आधीची चूक आहे, ही बरोबर'. सहावीपुढे 'कान आहेत का तुम्हाला?'. दहावी बहुतेक वेळा पहिलीच असते, नाव बदलून आलेली. शिकणाऱ्याने मग पाचवीतला पहिला भाग, सातवीतलं मधलं आणि शेवट स्वतःच्या मनाचा घेऊन गाणं उभं करायचं.

यातून गिटारवाल्यांनी एक बचाव शोधला. टॅब चुकीची आहे, मग ती नक्कल कशी? शेजाऱ्यांच्या आमटीचा वास घ्यावा, आत काय काय पडलंय याचा अंदाज करावा आणि तो कागदावर मांडावा, तसं हे. गंमत म्हणजे आमटीपुरता हा बचाव अमेरिकेत चालतोसुद्धा. नुसत्या जिनसांच्या यादीला तिथे कॉपीराइट मिळत नाही. गाण्याला मात्र मिळतो, आणि वाकडी नक्कल ही कायद्याच्या नजरेत नक्कलच. फार तर तिला मूळ कृतीवरून बेतलेली कृती म्हणतात, आणि तशी बेतण्याचा हक्कही मालकाचाच. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला एका कृतीमागे दीड लाख डॉलरपर्यंत भरपाईची तरतूद आहे. चुकीच्या टॅबला त्यात सवलत नाही.

प्रकाशकांना सरसकट खलनायक करायला मी तयार नाही. गाणाऱ्याला टाळ्या मिळतात, कंपनीला रेकॉर्ड विकून पैसे मिळतात. गाणं रचणारा जर पडद्यामागचा असेल तर त्याच्या वाट्याला प्रकाशनाचा हिस्साच येतो. छापील पुस्तकं हा त्यातला एक ओघ. तो आटू लागला तर माणूस ओरडणारच. आता त्या पुस्तकातली दोनच गाणी आपल्याला हवी असतात आणि उरलेल्या अठरांचे पैसे आपण का भरायचे, हा प्रश्न वेगळा.

पण ते अधिकृत पुस्तक लिहितं कोण?

मला वाटायचं की मूळ वादक आपल्या सहीने कागद देत असेल आणि प्रकाशक तो छापत असेल. छे. जिमी हेंड्रिक्सला नोटेशन वाचता येत नव्हतं. आपल्याला आणि बीटल्सपैकी कुणालाही येत नव्हतं, असं पॉल मॅकार्टनी यांनी जाहीरपणे सांगितलेलं आहे. रॉक संगीतातल्या थोरामोठ्यांपैकी बऱ्याच जणांचा कागदाशी संबंध करारावर सही करण्यापुरताच. मग त्यांचं वादन पुस्तकात येतं कसं? प्रकाशकाने एक माणूस नेमलेला असतो. तो हेडफोन लावून बसतो. तुकडा ऐकतो, थांबवतो, तारेवर शोधतो, सापडला नाही की मागे जातो. म्हणजे इकडे पोरगा जे फुकटात करतो तेच तिकडे एक गृहस्थ पगारावर करतो. तो जास्त कसबी असतो हे मान्य, त्याचं काम पुष्कळ अचूक असतं हेही मान्य. पण दोघांचीही माहिती ऐकीवच. एकाच्या ऐकण्यावर प्रकाशकाचा शिक्का असतो, दुसऱ्याच्या ऐकण्यावर नोटीस येते, आणि ज्याने मुळात वाजवलं त्याला दोन्ही कागद वाचता येत नाहीत.

आपल्याकडे हिंदी चित्रपटांच्या जमान्यात हे काम बरंचसं गोव्याच्या मंडळींनी सांभाळलं. संगीतकार पेटीवर चाल ऐकवणार आणि अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे लोक साठ साठ वादकांपुढे ठेवायचे कागद तयार करणार. पडद्यावर श्रेयनामावली सुरू झाली की नाव संगीतकाराचं. कागद लिहिणाऱ्याच्या वाट्याला आला तर सहायक म्हणून एखादा कोपरा.

आणि कायद्याला पहिल्यापासून लळा कागदाचा, कानाचा नाही. १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे स्वयंचलित पियानोचा खटला आला. त्या पियानोत भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी घालायची, की तो आपला आपण वाजायचा. एका कंपनीने दुसरीच्या गाण्यांच्या अशा गुंडाळ्या काढल्या. न्यायालय म्हणालं, ही नक्कल नव्हे, कारण ती भोकं माणसाला वाचता येत नाहीत. पुढच्याच वर्षी संसदेला नवा कायदा करून ते भोक बुजवावं लागलं. पण हा निकाल ओल्गाच्या वकिलांनी हाताशी ठेवायला हरकत नव्हती. सोसायटीतल्या त्या मुलाच्या वडिलांना, म्हणजे आमच्या मित्राला, साक्षीला उभं केलं असतं तर ते आकडे माणसाला वाचता येत नाहीत हे त्यांनी शपथेवर सांगितलं असतं.

त्या १९०९ च्या कायद्याची शेपटी किती लांब? 'स्टेअरवे टू हेवन' हे लेड झेपेलिनचं १९७१ चं गाणं. जगातल्या प्रत्येक गिटारच्या दुकानात त्याची सुरुवात इतकी वाजली आहे की १९९२ च्या 'वेन्स वर्ल्ड' या सिनेमात दुकानाच्या भिंतीवर ते वाजवायला मनाई करणारी पाटीच दाखवली आहे. ही सुरुवात 'टॉरस' नावाच्या जुन्या तुकड्यावरून उचलली, असा दावा २०१४ मध्ये दाखल झाला. खटला २०१६ मध्ये ज्यूरीपुढे उभा राहिला. आता कुणीही म्हणेल, दोन्ही रेकॉर्ड लावा, ज्यूरीला ऐकवा, संपलं. तसं नाही. 'टॉरस' जुन्या कायद्याखालचा, आणि त्या कायद्याने रेकॉर्डला संरक्षणच नव्हतं. संरक्षण होतं ते सरकारदरबारी जमा केलेल्या कागदाला. तो कागद एका पानाचा. त्यामुळे तुलनेसाठी रेकॉर्ड वाजवायची नाही, त्या एका पानावर जेवढं लिहिलंय तेवढं कुणीतरी वाजवून दाखवायचं. लेड झेपेलिन जिंकले आणि २०२० मध्ये वरच्या न्यायालयाने तो कागदाचा न्याय कायम केला. कागदावर कमी लिहिलं गेलं की तेवढं गाणंच कमी होतं, असा हा हिशेब. जे पोर एकेक खरखर आणि ठकठक टॅबमध्ये उतरवतं, त्याला या कज्जात लेखनिक म्हणून नेमलं असतं तर निकाल कदाचित वेगळा लागला असता.

हे सगळं इंटरनेटमुळे झालं असं मानणाऱ्यांनी जरा व्हेनिसला जावं. ल्यूट या वाद्यासाठी तिथे अशाच रेघा आणि आकडे वापरत. १४९८ मध्ये व्हेनिसच्या सरकारने ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची या मुद्रकाला संगीत छापायचा वीस वर्षांचा मक्ता दिला, आणि त्यात ल्यूटच्या टॅबही होत्या. पेत्रुच्चीने बाकीचं संगीत छापायला घेतलं, टॅब राहिल्या बाजूला. १५०५ मध्ये मार्को दाल'अक्विला नावाचा ल्यूटवादक त्याच सरकारकडे गेला आणि टॅब छापायचा मक्ता त्यानेही मिळवला. आधीचा अजून संपलेला नव्हता. एका प्लॉटचे दोन सातबारे निघण्याची ही कदाचित संगीतातली पहिली नोंद. पेत्रुच्चीला मग जाग आली आणि १५०७ मध्ये त्याने ल्यूटच्या टॅबचं पुस्तक छापून काढलं.

आपल्याकडेही फार शहाजोगपणा करायला नको. ख्यालाच्या चिजा घराण्याबाहेर जाऊ नयेत म्हणून उस्ताद लोक अस्थायी गाऊन दाखवायचे आणि अंतऱ्याला खोकला काढायचे. विष्णू नारायण भातखंड्यांनी, जे शिक्षणाने वकील होते हे लक्षात घ्या, देशभर हिंडून त्या चिजा मिळवल्या, स्वरलिपीत बसवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिका' काढून कुणालाही विकत घेता येतील अशा केल्या. घराण्यांत त्या लिखाणाबद्दल काय बोललं जायचं? 'भातखंड्यांची बंदिश चुकीची आहे, आमच्याकडची बरोबर.' दहाव्या टॅबखालच्या अभिप्रायात आणि यात फरक फक्त तंबोऱ्याचा.

इथवर ऐकल्यावर आमच्या मित्राने जिन्यातच पुढचा प्रश्न टाकला. "ते व्हेनिस राहू द्या हो. आमच्या चिरंजीवांना काही होणार नाही ना?"

घरात बसून वाजवण्यापुरतं तरी बहुधा नाही. १९५७ च्या भारतीय कायद्याच्या कलम ५२ मध्ये स्वतःच्या वापरासाठी, संशोधन धरून, उचित वापराला मुभा आहे. म्हणजे इथेही पोरगा संशोधकच. वाटप सुरू केलं तर गोष्ट वेगळी, कारण १९९४ च्या दुरुस्तीपासून संगीताच्या व्याख्येत त्याचं कागदावरचं रूपही धरलेलं आहे. मुदत रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. आधी ती ५० होती; रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत संपत आली तेव्हा १९९२ मध्ये दहा वर्षं वाढवली गेली.

पण या कलमातली मला सगळ्यात आवडलेली जागा पुढेच आहे. धार्मिक समारंभात संगीत वाजवलं तर कॉपीराइटचा भंग होत नाही, आणि धार्मिक समारंभात लग्नाची वरात येते, असं कायद्यात चक्क स्पष्टीकरण देऊन लिहिलेलं आहे. लग्नानिमित्तचे इतर सामाजिक सोहळेही. बँडवाल्याने कुणाचंही गाणं घ्यावं, ट्रम्पेटवर त्याची वाटेल ती दशा करावी, कायदा बाजूला उभा राहून रुमाल फिरवतो. मित्राला मी सुचवलं की मुलाला फारच काळजी वाटत असेल तर त्याने गिटार घेऊन वरातीत शिरावं. ते म्हणाले, "आधी बारावी होऊ दे."

अमेरिकेतलं भांडण शेवटी मिटलं ते तत्त्वावर नाही, टक्क्यांवर. रशियातल्या कालिनिनग्राद शहरात १९९८ मध्ये एकाने 'अल्टिमेट गिटार' नावाची साइट काढली होती. अमेरिकन नोटिसांचा धूर तिकडे पोचेपर्यंत विरून जायचा, त्यामुळे इकडे साइट बंद पडत होत्या तेव्हा ती बाळसं धरत होती. २०१० मध्ये त्याच हॅरी फॉक्स एजन्सीने तिच्याशी परवान्याचा करार केला. प्रकाशकांना हिस्सा सुरू झाला, आणि जे कालपर्यंत चोरीचा माल होतं ते रातोरात सूचीबद्ध झालं. आकडे तेच, रेघा त्याच, पाचव्याऐवजी तिसरा पडदाही तोच.

साइटचे मालक पुढे इतके मोठे झाले की 'म्यूज ग्रुप' या नावाने त्यांनी २०२३ मध्ये हॅल लिओनार्ड ही कंपनीच विकत घेतली. हॅल लिओनार्ड म्हणजे मिलवॉकीची, १९४७ पासूनची, छापील संगीतातली थोरली पाती. हेडफोनवाल्या गृहस्थांची पुस्तकं छापणारी. ज्यांच्या धंद्यावर टॅबवाल्यांनी घाला घातला म्हणून एवढा आरडाओरडा झाला, त्यांचे शेठ आता टॅबवालेच. यापुढे कुणाला नोटीस काढायचीच असेल तर ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकवली तरी चालेल, पोस्टाचा खर्च नको.

राहता राहिला तो रात्र रात्र कॅसेट मागे-पुढे करणारा पोरगा. आता कॅसेट नाही, पण तो अजून आहे. टॅब अजूनही बऱ्याचशा त्याच्याच हातच्या. परवान्याचे पैसे प्रकाशकाला जातात, त्यातून रचनाकाराला जातात, आणि ते योग्यच आहे. वर्गणी साइटला जाते. पोराला त्याच्या श्रमांबद्दल साइट गुण देते, आणि त्या गुणांना तिने नाव दिलंय 'आयक्यू'. टॅब लिहिली, आयक्यू वाढला. दुसऱ्याची चूक दुरुस्त केली, आणखी थोडा वाढला. तिथे हजारांत आयक्यू असलेली माणसं आहेत, ज्यांच्यापुढे आइन्स्टाइन बालवाडीत शोभेल. आणि चौथ्या तारेवर काय वाजतंय यावरून त्यांचं अजून एकमत झालेलं नाही.